घटस्फोट झाला, पण वॉशिंग मशीन कुणाचं?

हा एपिसोड मी बरेच महिने पुढे ढकलत होतो, कारण यात चूक माझी आहे.

आमचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला. कोर्टात आवाज चढला नाही, सगळे म्हणाले, "किती समजूतदार आहात!" आणि मग महिन्याभराने आम्ही वॉशिंग मशीनवरून भांडलो. रात्री एक वाजता, व्हॉट्सअ‍ॅपवर. "पसंत मी केलं." "हप्ते कुणी भरले?" त्यातच तिच्या आजीचा पितळी पानाचा डबा आमच्या माळ्यावर राहिला होता. ती मागायची आणि मी म्हणायचो, "आधी मशीनचं बोल."

शेवटी वकिलांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "डबा तुमचा आहे?" म्हटलं, नाही. "मग तुमच्याकडे का आहे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगतो. घरातल्या सामानाचे तीन ढीग करायचे.

पहिला ढीग, स्त्रीधन. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर बाईला भेट मिळालेलं दागिने, भांडी, साड्या, वस्तू असं सगळं. माहेरून आलेलं आणि सासरच्यांनी तिला दिलेलंसुद्धा. ते फक्त तिचं. सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सांगितलं की स्त्रीधन नवऱ्याकडे असलं तरी तो त्याचा मालक होत नाही, तो फक्त सांभाळणारा. मागूनही दिलं नाही तर फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. आधी हे कलम ४०६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. म्हणजे मी ज्याला 'बार्गेनिंग' समजत होतो, ते प्रकरण पोलीस स्टेशनपर्यंत जाऊ शकलं असतं!

दुसरा ढीग, लग्नात दोघांना मिळून मिळालेल्या वस्तू. डिनर सेट, मित्रांनी काँट्रिब्युशन काढून दिलेला ओव्हन. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अशा सामाईक वस्तूंबद्दल कोर्ट घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातच आदेश देऊ शकतं. पण ते मागावं लागतं. आम्ही मागितलंच नव्हतं.

तिसरा ढीग, लग्नानंतर घेतलेलं सामान. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की सगळं निम्मं-निम्मं होतं. हिंदू विवाह कायद्यात असा आपोआप निम्म्याचा नियम नाही. पैसे कुणी दिले, बिल कुणाच्या नावावर, हप्ता कुणाच्या खात्यातून गेला, हे बघितलं जातं. गोव्यात मात्र वेगळं आहे. तिथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते.

आता कामाचं. घटस्फोटाचा अर्ज करायच्या आधीच एक शीट बनवा. कॉलम असे: वस्तू, कुठून आली, पुरावा, आत्ता कुठे आहे, कुणाकडे जाणार, कधी. पुरावा म्हणजे बिल, बँक स्टेटमेंट, लग्नाचे फोटो. किंमत लिहाल ती आजची लिहा, विकत घेतानाची नाही. चार वर्षं वापरलेल्या मशीनला शोरूमचा भाव कोण देणार? ओएलएक्सवर तसंच मशीन कितीला जातंय ते बघा.

हीच यादी कन्सेंट टर्म्सना जोडा. "सामान आपसात वाटून घेऊ" हे वाक्य लिहू नका. आमच्या टर्म्समध्ये नेमकं तेच होतं, आणि सगळा बग तिथेच होता!

सामान देताना दोन्हीकडून एकेक शांत माणूस ठेवा. फोटो काढा, यादीवर दोघांच्या सह्या घ्या. कुलूप तोडून सामान उचलू नका, आणि रागात समोरच्याची वस्तू विकू तर अजिबात नका. आणि हो, डिजिटल सामान विसरू नका: लग्नाच्या फोटोंची कॉपी, वायफाय, ओटीटी, गॅस कनेक्शन, भाड्याच्या घराचं डिपॉझिट.

तरी जमलं नाही तर? समुपदेशक किंवा मध्यस्थाकडे जा. तिथेही अडलं तर कौटुंबिक न्यायालय आहेच, नवरा-बायकोतल्या मालमत्तेचे वाद तिथे ऐकले जातात.

माझं काय झालं? डबा घासूनपुसून मी स्वतः नेऊन दिला, मशीनचा विषय न काढता. तिने दारातच उघडून बघितला आणि विचारलं, "अडकित्ता?" तो माळ्यावर पुन्हा शोधून दुसऱ्या दिवशी पाठवला. आठवड्याने तिचाच मेसेज आला, "मशीन ठेव तू." त्या मशीनची आजची किंमत फार तर पाच हजार असेल. त्यासाठी आम्ही सात महिने भांडलो होतो.

तुमच्याकडे कुणाची वस्तू अडकून पडली असेल, तर आज एक मेसेज करा: "कधी आणून देऊ?" चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!