खोलीचं भाडं आधी विचारा

सकाळी सात

चहा होईपर्यंत माझ्या ग्राहकांच्या मुदत संपत आलेल्या आरोग्य पॉलिसींची यादी काढते. ज्यांची तारीख जवळ आली आहे त्यांना पहिला फोन. एकरकमी हप्ता भरणाऱ्याला मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत असते, पॉलिसी तुटत नाही. पण त्या तीस दिवसांत हप्ता भरण्याआधीच दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर तो खर्च अंगावर पडतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक बातमी मात्र आनंदाने सांगते: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. तेवढ्या पैशात रक्कम वाढवून घ्या, असं मी प्रत्येकाला म्हणते.

साडेनऊ

माधवनगरला एका घरी. यांचं कुपवाड एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. नवरा-बायको, दोन मुलं आणि सदुसष्ट वर्षांच्या आई. बसायच्या आतच त्यांचा प्रश्न आला, "ताई, सगळ्यात कमी हप्ता कुठल्या कंपनीचा, तेवढं सांगा."

मी उलट विचारलं, "दवाखान्यात जायची वेळ आली तर कुठं जाता?" त्यांनी मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलचं नाव घेतलं. तिथं सिंगल रूमचं दिवसाचं भाडं किती? कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथूनच फोन लावायला सांगितला. उत्तर आलं पाच हजार. जॉबवर्कच्या चलनाच्या पाठीमागे त्यांनी तो आकडा लिहून घेतला. पॉलिसी निवडायची सुरुवात या आकड्यापासून करायची, हप्ता नंतर.

दुसरा प्रश्न रेशनकार्डाचा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळतात, तेही योजनेत असलेल्या खासगी हॉस्पिटलांत. कार्डावर नावं नीट आहेत का, आधार जोडलेलं आहे का, हे आधी बघून घ्या म्हटलं. सरकारी हक्क सोडून पॉलिसी विकणं मला पटत नाही. आईंना सत्तर पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्डही निघेल, तेही पाच लाखांचं. मधली तीन वर्षं सांभाळायची आहेत.

अकरा

मिरजेत, हॉस्पिटलच्या विमा काउंटरवर. एका मावशींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय. पॉलिसी त्यांच्या मुलाने फोनवरून घेतलेली, तीन लाखांची. ओळखीतून मला बोलावलंय. नियमाप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा आकारलं, तर ते कंपनीनेच सोसायचं, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. म्हणून हॉस्पिटलने बिल किती वाजता पाठवलं, ती वेळ मी आधी लिहून घेते.

मंजुरी वेळेत आली. बिल १,२४,००० आणि मंजूर ८७,४००. मुलगा कागद हातात धरून नुसता बघत राहिला. मी एकेक ओळ लावून दाखवली. पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा आहे एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. खोली घेतली पाच हजारांची. तीन दिवसांचे सहा हजार तिथंच गेले, हे त्याला समजलं. पण पुढची ओळ त्याच्या डोक्यात बसेना. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून ६४,००० होते, त्यातलेही साठ टक्केच मंजूर. वरच्या दर्जाची खोली घेतली की डॉक्टरांच्या फीपासून सगळ्याचे दर वाढतात, म्हणून कंपनी त्याच प्रमाणात तेही कापते. २५,६०० रुपये असे गेले. औषधं आणि तपासण्यांच्या ४०,००० ला ही कात्री लागत नाही, ते पूर्ण मिळाले. उरलेले पाच हजार हातमोजे, मास्क, अ‍ॅडमिशन किट असल्या नॉन-मेडिकल वस्तूंचे.

"खोली घेतानाच कुणी बोललं असतं तर आम्ही जनरलला राहिलो असतो की," मावशी म्हणाल्या. त्यांचं अगदी खरं आहे. ३६,६०० रुपयांत त्यांच्या घरातला वर्षाचा हप्ता भरून वर पैसे उरले असते. मला वाटतं, दाखल होतानाच काउंटरवरच्या माणसाने पॉलिसीची खोलीमर्यादा वाचून दाखवणं सक्तीचं व्हायला हवं.

दुपारी दोन

जेवता जेवता फोन. "शुगरचं फॉर्मात नको लिहूया, हप्ता वाढतोय." मी लिहिणारच, नाहीतर फॉर्म भरणार नाही, असं सांगितलं. सांगितलेल्या जुन्या आजारासाठी थांबावं लागतं ते जास्तीत जास्त छत्तीस महिने. २०२४ पर्यंत हेच अठ्ठेचाळीस होते. लपवलेला आजार दवाखान्याच्या जुन्या केसपेपरवर सापडतो आणि मग क्लेमबरोबर पॉलिसीही जाते. साठ महिने सलग झाले की कंपनीला जुनं उकरता येत नाही, हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षणही उरत नाही.

चार

पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायची एक तक्रार लिहिली. दाखल व्हायची गरजच नव्हती, असं म्हणून कंपनीने क्लेम नाकारलाय. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग वर्षाच्या आत लोकपाल. वकील लागत नाही, फी नाही. डॉक्टरांचं दाखल करण्याचं कारण त्यांच्या अक्षरात जोडलं.

साडेसहा

माधवनगरचे दोघं ऑफिसात आले. चलन खिशात होतं. आरोग्य संजीवनीचा कागद मी समोर ठेवला. ही प्रमाण पॉलिसी एप्रिल २०२० पासून आहे. अटी सगळ्या कंपन्यांत सारख्या, म्हणून तुलना फक्त हप्त्याची. खोलीला विम्याच्या रकमेच्या दोन टक्के, पण पाच हजारांच्या वर नाही. शिवाय प्रत्येक क्लेममधले पाच टक्के आपले, म्हणजे को-पे. त्यांच्या हॉस्पिटलचं भाडं आजच पाच हजार, म्हणजे पुढच्या वर्षी वाढलं की कात्री सुरू. डबल शेअरिंगला राहायची तयारी असलेल्या घराला मी हीच पॉलिसी बिनदिक्कत देते.

यांच्यासाठी वेगळं ठरलं. चौघांची पाच लाखांची, खोलीमर्यादा नसलेली फॅमिली फ्लोटर आणि वर वीस लाखांचा सुपर टॉप-अप. वहिनींनी नेमकं विचारलं, "वर्षात दोनदा चार-चार लाख झाले तर?" साधा टॉप-अप प्रत्येक वेळी दाखल झाल्याचं बिल वेगळं धरतो, त्यामुळे चार लाखांना तो उघडतच नाही. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरतो. आठ लाखांतले पाच मूळ पॉलिसीतून, तीन सुपर टॉप-अपमधून. पहिले पाच लाख ही पायरी असल्यामुळे त्याचा हप्ता बराच कमी बसतो.

आईंना फ्लोटरमध्ये घेतलं नाही. फ्लोटरचा हप्ता सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर लागतो, मग सगळ्यांचाच महाग होतो. त्यांची स्वतंत्र, को-पे असलेली पॉलिसी, त्यांना असलेली शुगर लिहूनच. एप्रिल २०२४ पासून पासष्टीच्या पुढच्यांनाही नवीन पॉलिसी मिळण्याची वाट मोकळी झाली. पॉलिसी हातात आली की तीस दिवसांत वाचा आणि पटली नाही तर परत करा, हे त्यांच्या चलनावरच लिहून दिलं.

रात्री नऊ

मावशींच्या मुलाचा मेसेज. पॉलिसी बदलता येईल का? येईल. नूतनीकरणाच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी नव्या कंपनीकडे पोर्टिंगचा अर्ज जायला हवा. जुन्या पॉलिसीत काढलेला थांबण्याचा काळ तेवढ्या रकमेपुरता धरला जातो. मागच्या पॉलिसींच्या प्रती, आजच्या क्लेमची मंजुरी आणि डिस्चार्ज कार्ड पाठवा, असं कळवलं. त्याने लगेच विचारलं, "आईची थायरॉईडची गोळी चालू आहे, तीपण लिहायची?" लिहायची, म्हटलं. डोस आणि कोणत्या वर्षी सुरू झाली, तेही.