आधी आकडा, मग आराखडा

'अंदाजपत्रक' हा शब्द मी वर्गात मिश्र शब्दाचा नमुना म्हणून सांगतो. 'अंदाज' फारसीतून आलेला, 'पत्रक' संस्कृतातले. घर बांधू पाहणारा गृहस्थ मात्र अंदाज तेवढा करतो आणि पत्रक विसरतो. "पाचसहा लाखांत होऊन जाईल हो!" असे म्हणून तो थेट नकाशाच काढावयास बसतो.

आमच्या पेठ तालुक्यातली कारवीच्या कुडाची जुनी घरे याबाबतीत शहाणी होती. खांब जमतील तेवढेच खण पडत. सरकारी घरकुलाचा हिशेबही तोच. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराला सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये ठरले; घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे. रक्कम आधी, भिंती मागून!

पदरच्या पैशाने बांधणाऱ्यानेही हेच करावे. समजा, हाती ६ लाख आहेत. दहावा हिस्सा, म्हणजे ६०,०००, अडीअडचणीसाठी बाजूला काढा. वीज, पाणी, संडास आणि वाहतूक यांना आणखी ६०,००० धरा. उरले ४,८०,०००. गवंड्याने सामानासकट चौरस फुटाला १,६०० रुपये सांगितले, तर तुमचे घर ३०० चौरस फुटांचे. आता खुशाल पेन्सिल उचला.

पाण्याचा खर्च कशाला, असे कुणी म्हणेल. इथे पाऊस धो धो पडतो, पण उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. नव्या स्लॅबला तर किमान सात दिवस, कडक उन्हात दहा दिवस, पाणी पाजावे लागते. म्हणून दिवाळीनंतर पाया आणि होळीच्या आत स्लॅब, असा बेत आखावा. नाहीतर टँकरचा आकडा मांडून ठेवावा. नाशिकहून सावळघाटातून येणाऱ्या सामानाचे भाडेही आधीच विचारावे.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी हौसेने भलेथोरले जोते घातले. पैसा खांबांपर्यंतच पुरला. तीन पावसाळे सळ्या गंजत राहिल्या आणि मुलगा वर्ग सोडून नाशिकला मजुरीस गेला. हजेरीपटावरचे त्याचे नाव मी बरेच दिवस पुकारीत होतो.

मोठ्या घराची हौस वाईट नाही. पण पैसे नसलेली खोली कागदावर खोडावयास खोडरबर पुरते; जोते घातल्यावर ती खोडावयाची म्हणजे घरातल्या कुणाचे तरी वर्ष जाते. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घराचा बेत असेल, तर पहिली ओळ रकमेची लिहा.