चटका न देणारी आच

मालवणच्या किनाऱ्यावर थंडी ती कितीशी पडणार? पौषातल्या पहाटे खाडीवर थोडे धुके उतरते, माडांतून गार वारा सुटतो, आणि ऊन वर येताच स्वेटर पुन्हा पेटीत जातो. तेव्हा ऊब देणाऱ्या साधनांनी भाजण्याचा प्रश्न काश्मीरचा किंवा जपानचा असेल, आपला नव्हे, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकाचीही ती होती. परंतु आपल्याकडे ऊब घेतली जाते ती बहुधा दुखण्यासाठी. तिला आपण शेक म्हणतो, आणि शेकाला ऋतू नसतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याला असाच शेक बाधला. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे, मधुमेह जुना, मुलगा मुंबईत. गणपतीला येताना त्याने मोठ्या मायेने विजेवर तापणारी पिशवी आणली होती. एका रात्री पोटऱ्या वळल्या म्हणून आत्याने ती पायांखाली घेतली आणि तिचा डोळा लागला. सकाळी घोट्यापाशी रुपयाएवढा पांढुरका डाग दिसला. फोड नाही, आग नाही. ‘माका कायेक दुखना नाय,’ असे ती म्हणे, आणि आम्ही सुशिक्षित मंडळी त्यावर विसंबून राहिलो. कोणीतरी त्यावर टूथपेस्टही फासली. पंधरा दिवसांत डाग काळा पडला व खाली खोल जखम निघाली. डॉक्टरांनी तेव्हा विचारलेला पहिला प्रश्न माझ्या लक्षात राहिला आहे. पिशवी किती गरम होती, हे त्यांनी विचारलेच नाही. ती किती वेळ पायाशी होती, एवढेच विचारले.

या प्रश्नामागचे शास्त्र जुने आहे. १९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी उष्णता व काळ यांचे त्वचेवरील परिणाम मोजून दाखविले. ६० अंश सेल्सियसला त्वचा काही सेकंदांत भाजते. ५० अंशांना सुमारे पाच मिनिटे पुरतात. आणि ज्याला आपण ‘सुखोष्ण’ म्हणू त्या ४४ अंशांनाही सुमारे सहा तासांत तीच हानी होते. व्याजाचा दर अल्प असला तरी मुदत लांबली की कर्ज डोईजड होते, हे वर्गात मी दरवर्षी शिकवतो. ते कातड्यालाही लागू पडेल असे मात्र कधी मनात आले नव्हते. शिवाय मंद आच चटका देत नसल्याने माणूस पाय काढून घेत नाही, आणि उष्णता सावकाश खोल मुरत जाते. म्हणूनच वरून क्षुल्लक दिसणारी अशी जखम पुष्कळदा आतपर्यंत गेलेली असते. जपानी लोकांनी तिला ‘तेइओन याकेदो’, म्हणजे कमी तापमानाची भाजणी, असे स्वतंत्र नावच दिले आहे. काश्मिरात फेरनखाली निखाऱ्यांची कांगडी वर्षानुवर्षे बाळगणाऱ्यांच्या मांड्यांवर व पोटावर जाळीदार तपकिरी डाग उठतात. त्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद एल्मस्ली या डॉक्टरांनी १८६६ सालीच केली होती.

आता आपल्या जुन्या शेकाकडे पाहावे. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी, तव्यावर तापवलेले फडके, मिठाची पुरचुंडी, कापडात गुंडाळलेली वीट. हे सारे निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. शेगडीने माणसे भाजली आहेत, आणि बंद खोलीतला निखाऱ्यांचा वायू तर जीव घेतो. ती प्रथा मागे पडत आहे याची खंत करण्याचे कारण नाही. तथापि फडक्याच्या शेकात एक गोष्ट होती. शेकणारी बाई ते आधी स्वतःच्या गालाला लावून पाही, आणि ते मिनिटभरात निवत असल्याने तिला पुन्हा पुन्हा उचलावे लागे. त्या शेकात दुसऱ्याचा हात होता. नव्या पिशवीने तोच हात काढून घेतला.

तो हात ज्यांना सर्वांत आवश्यक, तेच आज एकटे आहेत. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. हा रोग दीर्घकाळ राहिला की पुष्कळांच्या पायांची संवेदना मंदावते. अर्धांगवायू झालेले, झोपेची गोळी घेतलेले, दारू प्यालेले, तान्ही मुले, कमरेत भूल दिल्यावर शस्त्रक्रियेतून नुकतीच बाहेर आलेली बाळंतीण, यांनाही चटका वेळेवर कळत नाही. आणि २००१ ते २०११ या दशकात ज्या मोजक्या जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली त्यांत आपला सिंधुदुर्ग होता. कमावते हात मुंबईला, म्हातारे पाय गावाला.

असे असता संवेदना मंदावलेल्या पायांना गरम पिशवी लावूच नये. पायमोजे आणि जाड पांघरूण पुरेसे आहे. इतरांनी पिशवीत उकळते पाणी भरू नये, ती टॉवेलात गुंडाळावी, दहा-पंधरा मिनिटांनी काढावी, आणि अंथरूण ऊबदार करायचे असेल तर निजण्यापूर्वीच ती बाहेर ठेवावी. विजेची पिशवी वापरताना प्लग काढलेला असावा. इतके करूनही भाजलेच, तर नळाच्या साध्या पाण्याची धार वीस मिनिटे सोडावी. बर्फ, शाई, हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये, फोड फोडू नये, स्वच्छ कापडाने झाकावे. अर्थात सहा तास मुरलेली उष्णता पाण्याने माघारी येत नाही. म्हणून डाग पांढरा किंवा काळसर असेल, आणि विशेषतः तो दुखत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. न दुखणे हे इथे वेदनेच्या नसा जळाल्याचे लक्षण असू शकते.

आत्याच्या जखमेवर मांडीची कातडी लावावी लागली. ती भरायला चार महिने गेले. मुलाने आधी पंधरा दिवसांची आणि मग बिनपगारी रजा काढली. पिशवी माळ्यावर आहे. शेजारची मुलगी शाळेतून आली की आत्याचे दोन्ही पाय उजेडात धरून, तळव्यांसकट पाहते, आणि आत्या रोज तिला सांगते की काही दुखत नाही.