वाळल्या ओंडक्याचे पुढे काय होते?

लाकूड कुजते, असे आपण सहज म्हणतो; पण ते आपोआप कुजत नाही, कोणीतरी ते खावे लागते. आणि लाकूड खाणे सोपे नाही. त्यात सेल्युलोजचे तंतू असतात आणि विटांमधल्या चुन्यासारखे त्यांना धरून ठेवणारे लिग्निन असते. हे लिग्निन पुरते फोडणे फार थोड्या जीवांना जमते. त्यांत बुरशीचा नंबर पहिला.

ओंडक्यावर अर्धगोल फळीसारखी जी अळंबी दिसते, ती केवळ फळ. बुरशीचा खरा देह म्हणजे लाकडात खोलवर पसरलेले, केसाहून बारीक तंतू. काही जाती लिग्निनही फोडतात. मागे पांढरट, धागेदार लाकूड उरते. काही बहुतेक सेल्युलोजच काढून घेतात. मग लाकूड तपकिरी पडून त्याचे चौकोनी तुकडे होतात. पहिली पांढरी कूज, दुसरी तपकिरी.

पुस्तकांतले हे वर्णन मुख्यतः थंड, ओलसर देशांतल्या जंगलांवरून आले आहे. तिथे पडलेला ओंडका वर्षातला बराच काळ ओला राहतो. आमच्याकडे तसे नाही. लाकडातले पाणी वीस टक्क्यांच्या खाली गेले की बुरशीचे काम थांबते. जुन्या वाड्यांचे सागवानी दरवाजे टिकले त्यात याचाही वाटा आहे. छत्रपती संभाजीनगरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. मग कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात, त्या कोरड्या पानगळीच्या रानात, उरलेले आठ महिने मेलेले लाकूड साचत जायला हवे. पण इतकी वर्षे या रानात फिरताना मला तसे ढीग दिसलेले नाहीत.

पडलेली फांदी उलटून पाहिली की उत्तर सापडते. खालून ती मातीने लिंपलेली असते. हे उधईचे, म्हणजे वाळवीचे काम. आपल्याकडच्या वारूळ बांधणाऱ्या उधईला मात्र लिग्निन स्वतःला नीट पचवता येत नाही. ती लाकूड आणि पालापाचोळा चावून वारुळात नेते आणि आपल्या विष्ठेची पोळ्यासारखी जाळीदार रचना करते. तिच्यावर एक विशिष्ट बुरशी वाढते. ती लिग्निन फोडते आणि तयार झालेले मऊ अन्न उधई खाते. वारुळाच्या पोटात ऊब आणि ओल टिकून असते. बाहेर मे महिन्याचे ऊन असले तरी आत ही शेती चालू राहते. म्हणजे पावसाळ्यात बुरशी ओंडक्याकडे येते आणि कोरड्या दिवसांत ओंडकाच बुरशीकडे नेला जातो.

पावसाळ्यात हीच बुरशी जमिनीवर छत्र्या काढते. पूर्व विदर्भात त्यांना सात्या म्हणतात, गोव्यात रोयण अळमी. रोयण म्हणजे वारूळच. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सांतेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. आम्ही घाटावरचे लोक नागपंचमीला वारुळापुढे हात जोडतो ते नागासाठी. ते बांधणारी उधई आणि तिची बुरशी यांची आठवण कोणी काढत नाही.

ती काढण्याची वेळ आली आहे. २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात सहा खंडांतल्या १३३ ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तापमान १० अंशांनी वाढले की सूक्ष्मजीवांमुळे होणारी लाकडाची कूज दुपटीहून थोडी कमी वाढते. वाळवीचे लाकूड खाणे मात्र जवळजवळ सातपट होते, असे त्यात दिसले. जग तापेल तसा लाकडातला कर्ब हवेत किती वेगाने जाईल, हे ठरवण्यात वारुळांचा वाटा मोठा असणार. अशा वेळी आपण आपली वारुळे नीट मोजलेलीसुद्धा नाहीत.

उलट ‘स्वच्छता’ म्हणून बागांतले मेलेले खोड उचलले जाते, पालापाचोळा जाळला जातो, बांधावरच्या वारुळात औषध ओतले जाते. सरपणाची मोळी नेणाऱ्या बाईला मी बोल लावणार नाही; तिची चूल खरी आहे. पण जो ओंडका कोणाच्याच कामाचा नाही, तो पडला तिथे राहू द्यावा. घराचा वासा उधईपासून जपावाच. रानातला ओंडका मात्र तिचाच आहे. मराठवाड्याच्या जमिनींत सेंद्रिय कर्ब कमी, ही तक्रार आपण नेहमी करतो. तो कर्ब मातीत नेणारे हात जमिनीखाली कामाला लागलेलेच आहेत.