केस गळण्याचे प्रकार आणि त्यांची कारणे

मुंबईहून नागपूर, रायपूरमार्गे हावड्यास जाणाऱ्या लोहमार्गावर विदर्भात शेगाव लागते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी खेड्यांत एक विलक्षण व्याधी आढळून आली. प्रथम डोक्याला खाज सुटे. मग केस नुसते ओढले तरी हातात येत आणि काही दिवसांतच टक्कल पडे. पुरुषांप्रमाणेच स्त्रिया व मुलेही तिच्यातून सुटली नाहीत. कोणी पाण्यास दोष दिला, कोणी बुरशीचा संसर्ग मानला. अशा वेळी खरे कारण ओळखावे कसे?

त्यासाठी केसाचा जीवनक्रम ध्यानात घेतला पाहिजे. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, पुढे सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळून पडतो; त्याच मुळातून नवा केस उगवतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे हा रोग नव्हे.

केस कोठे गळतात आणि किती वेगाने गळतात, यावरून पुष्कळसा उलगडा होतो. कपाळाच्या दोन्ही बाजू व टाळू यांवरील केस वर्षानुवर्षे हळूहळू विरळ होत गेले, तर ते आनुवंशिक टक्कल होय. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला, तर ती चाई. शरीराची संरक्षक यंत्रणाच येथे केसांच्या मुळांवर उलटलेली असते. चट्ट्यावर खवले व तुटके केस दिसले, विशेषतः मुलांत, तर बुरशीचा संशय घ्यावा. वेणी सतत घट्ट घातल्यानेही कपाळालगतचे केस कायमचे जाऊ शकतात.

विषमज्वर, बाळंतपण किंवा मोठी शस्त्रक्रिया यांनंतर पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. त्यामुळे मूळ आजाराचा विसर पडून बिचाऱ्या तेलावर किंवा साबणावर आळ येतो. हे केस बहुधा आपोआप परत येतात. रक्तातील लोहाची उणीव आणि कंठग्रंथीचे विकार यांमुळेही केस सर्वत्र विरळ होतात.

परंतु वाढीच्या अवस्थेतील केस थोड्याच दिवसांत गळू लागले, तर मुळांवर एखाद्या तीव्र विषाचा आघात झाला असावा. कर्करोगावरील काही औषधांनी असे होते. शेगावकडील खेड्यांतही हेच लक्षण होते. शिवाय निरनिराळ्या घरांतील, निरनिराळ्या वयांची माणसे एकाच वेळी बाधित झाली होती. आनुवंशिकता किंवा चाई अशी गावेच्या गावे एकदम ग्रासत नाही.

विंचूदंशावरील संशोधनासाठी विख्यात असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांची तपासणी केली. त्यांच्या निष्कर्षानुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते, तर जस्त कमी झाले होते. शिधावाटप दुकानांतून मिळालेला गहू हे त्याचे उगमस्थान असल्याचे त्यांनी दाखविले. सेलेनियम शरीरास अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते. अधिक झाल्यास तेच विष ठरते आणि केस व नखे यांवर त्याचा परिणाम होतो. पंजाबातील होशियारपूरकडील काही जमिनींत ते विपुल असून तेथील पिकांत उतरते. पुढे या खेड्यांतील काही रुग्णांची नखेही गळाली, तर अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले.

तात्पर्य, केस गळू लागताच औषधांच्या जाहिरातींकडे धाव घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: केस कोठे गळतात, किती वेगाने गळतात आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत काय घडले? त्यांची उत्तरे वैद्यास सांगितली, तर निदान पुष्कळ सोपे होते. आणि शेजारच्या घरांतही तोच त्रास दिसत असेल, तर चौथा प्रश्न विचारावयास विसरू नये: सर्वांच्या ताटात समान असे काय आहे?