डेम्लो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ : गुणधर्म आणि अध्यापनातील उपयोग

प्रस्तावना

संख्यांचा आकृतिबंध दिसणे आणि तो सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद विद्यार्थ्यांना पटवून देण्यासाठी महाराष्ट्रातीलच एक उदाहरण उपयुक्त ठरते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे देवळालीचे शालेय शिक्षक. गणितातील पदव्युत्तर पदवी नसतानाही त्यांनी आयुष्यभर संख्यांचा अभ्यास केला. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील डेम्लो या रेल्वे स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्याच स्थानकाचे नाव दिले. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एका संख्येचे विवेचन केले आहे.

रचना

१११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. उभी मांडणी केल्यास नऊ ओळी मिळतात व प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे उजवीकडून स्तंभांत अनुक्रमे एक, दोन, तीन असे नऊपर्यंत एकक येतात व पुढे तसेच कमी होत जातात. कोठेही हातचा येत नाही, हेच या सौंदर्याचे कारण होय. याचा पाया स्थानमूल्य पद्धती आहे. याच भारतीय अंकपद्धतीवर नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांनी ग्रंथ लिहिला होता.

गुणधर्म

(१) संख्येत १७ अंक असून त्यांची बेरीज ८१ आहे. या बेरजेवरून संख्येला ९ ने भाग जातो एवढेच सिद्ध होते. ८१ ने भाग जातो, याचे कारण मूळ संख्येस ९ ने भाग जातो हे आहे.

(२) १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. म्हणून वर्गात ३ चा चौथा घात आणि ३७ व ३३३६६७ यांचे वर्ग येतात. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

(३) उजवीकडील नऊ अंक वेगळे केल्यास १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. म्हणून संख्येस ९९९९९९९९९ ने पूर्ण भाग जातो. भागाकार १२३४५६७९ येतो. त्यात ८ हा अंक नाही.

मर्यादा

दहा एकांच्या संख्येचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा डावीकडे जातो आणि आकृतिबंध मोडतो. नऊ उदाहरणे अनुकूल, दहावे प्रतिकूल.

येथे यंत्रावरही विसंबता येत नाही. एक्सेलमध्ये पंधराच सार्थ अंक राहत असल्याने नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३०० असा दिसतो. विषम संख्येचा वर्ग सम कसा, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडला पाहिजे.

निष्कर्ष

या पाठास फळा व खडू पुरेसे आहेत. जसोंडीसारख्या गावातही तो घेता येईल. विद्यार्थ्यांना प्रथम नऊ वर्ग काढू द्यावेत, दहाव्याचे उत्तर वर्तवण्यास सांगावे आणि नंतरच हातच्याची चर्चा करावी. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यानंतर कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले. त्यांचे संशोधन मात्र त्याआधी कित्येक वर्षे शिक्षकी पेशा सांभाळूनच झाले होते.