हायड्रोजन पिणारा धातु आणि विजेरीचे घट

विजेरींत अगर रेडिओंत पुनःपुन्हां भरतां येणारे जे सेल म्हणजे विद्युद्घट घालतात, त्यांच्या पोटांत काय असतें याची चौकशी शेतकरी सहसा करीत नाहीं. ती करणें हिताचें आहे. जुन्या प्रकारच्या अशा घटांत कॅडमियम नांवाचा विषारी धातु असतो, व तो जमिनींत शिरला म्हणजे पिकांतून माणसाच्या पोटांत जातो. जपानांतील तोयामा प्रांतीं जिन्झू नदीच्या कांठीं असेंच झालें. वरच्या अंगास असलेल्या कामिओका खाणीचें कॅडमियम नदीच्या पाण्यानें भातखाचरांत उतरलें, आणि तो भात खाणाऱ्यांचीं हाडें ठिसूळ होऊन मोडूं लागलीं. १९६८ सालीं जपान सरकारनें हें कारण मान्य केलें. खाचरांवर नवी माती घालण्याचें काम २०१२ पर्यंत चाललें. तेथें दोष खाणीचा होता, पण धातु तोच. पीक बुडाल्यास साऱ्यांत सूट मिळते; विषारी झालेल्या जमिनीस काय द्यावें, हें मीं कोणत्याच कोष्टकांत पाहिलें नाहीं.

कॅडमियमच्या जागीं आलेला मिश्रधातु मोठा चमत्कारिक आहे. लँथेनमच्या एका अणूस निकेलचे पांच, या प्रमाणांत तो केलेला असतो, व तेवढ्यांत हायड्रोजनचे सुमारें सहा अणु मावतात. हा गुण हॉलंडांतील आइंढोव्हेन येथें फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९७० च्या सुमारास उघडकीस आला. घट भरतांना कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणांतील पाणी धातूच्या पृष्ठभागीं फुटतें आणि हायड्रोजन आंत शिरतो. घट वापरतांना तोच बाहेर येऊन पुन्हां त्याचें पाणी होतें व वीज मिळते.

अडचण निराळीच निघाली. आपली काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, तसाच हा धातु हायड्रोजन पिऊन सुमारें चवथ्या हिश्शानें फुगतो आणि रिकामा होतांच आकसतो. फिरून फिरून असें झालें म्हणजे त्याचा भुगा होतो. प्रत्येक नव्या भेगेंत क्षार शिरून लँथेनम गंजतें व घटाचा जोर जातो. त्याच प्रयोगशाळेंतील विलेम्स यांनीं १९८४ सालीं निकेलचा कांहीं भाग वगळून कोबाल्ट वगैरे मिसळलें, तेव्हां फुगणें कमी झालें व घट टिकूं लागला. पुढें शुद्ध लँथेनमऐवजीं सिरियमादि भावंडांसह निघणारा स्वस्त मिश्र धातु वापरांत आला. १९९० च्या सुमारास जपानांत असे घट विक्रीस निघाले. १९९७ सालच्या टोयोटाच्या प्रियस मोटारींतहि त्यांचीच बॅटरी होती. आतां मोठ्या कामांत लिथियमनें बरीच जागा घेतली आहे, तरी विजेरीच्या मापांत हा प्रकार चालूच आहे.

घेतांना वेष्टनावर निकेल-मेटल हायड्राइड असें लिहिलेलें पाहून घ्यावें. पूर्वीचे घट नुसते ठेवले तरी कांहीं आठवड्यांत उतरत. २००५ पासून निघालेले सुधारलेले घट वर्षभर बराच भार धरतात. घरांत निकेल-कॅडमियमचे जुने घट असल्यास ते उकिरड्यावर टाकूं नयेत, कारण तेथील खत शेतांतच जातें. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणें वापरलेले घट परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तोंवर ते डब्यांत निराळे ठेवावे.